घटक ४ : महाराजा सयाजीराव गायकवाड – राज्यसंस्था आणि तरुणांचे उद्योगशिक्षण

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

• सयाजीराव गायकवाड यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• बडोदे येथील कलाभवनाच्या स्थापनेमागील विचार स्पष्ट करता येईल.
• उद्योगशिक्षण आणि शिक्षणाची भाषा यांचा परस्परसंबंध विशद करता येईल.
• तरुणांना व्यवसायक्षम करण्याच्या कामी राज्यसंस्थेचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा यांची चर्चा करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. इतरांनी त्याचे नाव निश्चितच ऐकले असेल. पर्जन्यछायेच्या प्रदेशातील या गावात एके काळी पावसाळा सरला की विहिरी आटत आणि तरुण मुले कामाच्या शोधात शहराची वाट धरीत. १९८९ नंतर ग्रामस्थांनी सरपंच श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली डोंगरउतारांवर समतल चर खोदले, बांधबंदिस्ती केली, झाडे लावली व जगवली. या कामाला राज्य शासनाच्या रोजगार हमी योजनेचे आणि आदर्श गाव योजनेचे साहाय्य मिळाले. आज या गावात दरवर्षी पडलेल्या पावसाचा हिशेब मांडला जातो आणि उपलब्ध पाणी पाहून कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभेत ठरते. गाव सोडून गेलेली अनेक कुटुंबे परत आली.

या उदाहरणातील दोन गोष्टींकडे भाषेच्या आणि समाजाच्या अभ्यासकाचे लक्ष जावयास हवे. पहिली गोष्ट अशी की, चराची पातळी धरणे, पाण्याचा ताळेबंद मांडणे ही कौशल्ये आहेत. ती कोणीतरी शिकवावी लागतात, कोणीतरी शिकावी लागतात आणि शिकल्यानंतर ती वापरण्यास वाव असावा लागतो. दुसरी गोष्ट अशी की, समतल चर, पाणलोट, ताळेबंद, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे या विद्येतील शब्द ग्रामसभेत बसलेल्या प्रत्येकाला कळतात. विद्या लोकांच्या भाषेत उतरली म्हणूनच तिच्याविषयीचा निर्णय लोकांना घेता आला.

तरुणांच्या हाताला असे कौशल्य मिळवून देण्याची जबाबदारी कोणाची? कुटुंबाची, जातीची, कारखानदाराची, की शासनाची? हिवरे बाजारचे काम सुरू झाले त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी हा प्रश्न एका राज्यकर्त्यापुढे उभा होता. त्याने त्याचे उत्तर राज्यसंस्थेच्या बाजूने दिले. विशेष म्हणजे हा राज्यकर्ता स्वतः अहिल्यानगरच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी जन्मला होता. त्या राज्यकर्त्याचे, म्हणजेच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे चरित्र या घटकात आपण या एका प्रश्नाच्या अनुषंगाने अभ्यासणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ कवळाण्याचा गोपाळ

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावी झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळ. वडील काशीराव व आई उमाबाई. हे घराणे बडोद्याच्या गायकवाडांच्याच वंशातील एक शाखा होते. परंतु राजवैभवाशी त्याचा संबंध नावापुरताच उरला होता. कुटुंब शेतीवर जगत होते. गोपाळचे बालपण इतर शेतकरी मुलांप्रमाणेच शिवारात गेले आणि बाराव्या वर्षापर्यंत त्याला औपचारिक शिक्षण जवळजवळ मिळाले नाही.

इकडे बडोद्याच्या गादीचा प्रश्न निर्माण झाला होता. खंडेराव महाराज १८७० मध्ये निधन पावले. त्यांच्यानंतर आलेले मल्हारराव यांना ब्रिटिश सरकारने १८७५ मध्ये पदच्युत केले. खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुमती मिळाली. कवळाण्याहून काही मुले बडोद्यास नेण्यात आली व त्यांतून गोपाळची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान होऊन त्याचे नाव सयाजीराव ठेवण्यात आले.

आता बारा वर्षांच्या या मुलास राजा घडवावयाचे होते. त्याच्या शिक्षणाची व्यवस्था एफ. ए. एच. इलियट या इंग्रज अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या भाषा, गणित, इतिहास, भूगोल अशा विषयांचा अभ्यास त्याला अल्पावधीत पुरा करावा लागला. राज्यकारभाराचे पाठ दिवाण सर टी. माधवराव आणि अन्य अनुभवी अधिकाऱ्यांनी दिले. २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, राज्याचे पूर्ण अधिकार सयाजीरावांच्या हाती आले.

चरित्राच्या दृष्टीने हे सहा वर्षांचे शिक्षण फार महत्त्वाचे आहे. निरक्षर खेडुताचा मुलगा योग्य शिक्षक, वेळ आणि साधने मिळाल्यास किती दूर जाऊ शकतो याचा पहिला पुरावा सयाजीरावांना स्वतःच्याच आयुष्यात मिळाला होता. त्यांच्या पुढील शैक्षणिक धोरणांकडे पाहताना हा अनुभव विसरता येत नाही.

४.३.२ राज्य आणि त्याची परिस्थिती

बडोदे संस्थान सलग भूभागाचे नव्हते. बडोदे, कडी, नवसारी व अमरेली हे त्याचे प्रांत ब्रिटिश मुलुखात आणि इतर संस्थानांत विखुरलेले होते. राजघराणे व दरबारी मंडळी मराठी, तर प्रजा बहुतांशी गुजराती बोलणारी होती. बहुसंख्य लोक शेतीवर अवलंबून होते. सुतार, लोहार, साळी, रंगारी, कासार यांचे परंपरागत व्यवसाय गिरणीच्या मालापुढे टिकाव धरीनासे झाले होते.

या व्यवसायांचे शिक्षण घरातच होत असे. मुलगा बापाच्या हाताखाली बसे आणि पाहून शिके. या पद्धतीत कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मात्र दोन अडचणी राहतात. एक तर त्या घरात न जन्मलेल्या मुलाला त्या व्यवसायात प्रवेश नसतो. दुसरे असे की, नवे यंत्र किंवा नवा कृत्रिम रंग बाजारात आला की घरच्या गुरूजवळ त्याचे उत्तर नसते. उलट नव्या शाळा-महाविद्यालयांतून इंग्रजी शिकलेला तरुण कारकुनी किंवा वकिली शोधत असे. हाताने काम करणे त्याला कमीपणाचे वाटे. ज्ञान एका बाजूस आणि हात दुसऱ्या बाजूस, अशी ही फाळणी होती.

ब्रिटिश हिंदुस्थानात या संदर्भात हालचाल मंद होती. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ मध्ये सुरू झाले, त्यास मुख्यतः गिरणी उद्योगाचा आधार होता. एखाद्या हिंदी राज्यकर्त्याने आपल्या राज्याच्या खजिन्यातून सर्वसामान्य तरुणांसाठी तांत्रिक शिक्षणाची संस्था काढावी, हा विचार नवीन होता. १८८७ मध्ये सयाजीराव प्रथम युरोपच्या प्रवासाला गेले. तेथील कारखाने, शाळा आणि संग्रहालये त्यांनी बारकाईने पाहिली. पुढील सर्व परदेश-प्रवासांतही त्यांनी ही सवय सोडली नाही.

४.३.३ कलाभवन : शाळेतील कार्यशाळा

१८९० मध्ये बडोद्यात कलाभवनाची स्थापना झाली. या संस्थेची कल्पना राबविणारे पहिले प्राचार्य म्हणजे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. ते सुरतचे. सुतारकाम व बांधकाम यांची परंपरा असलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता आणि शिक्षणाने ते रसायनशास्त्रज्ञ होते. बडोदे कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवीत. कारागिराचे घर आणि विज्ञानाची प्रयोगशाळा या दोन्ही जगांची ओळख असलेला हा मनुष्य सयाजीरावांनी अचूक निवडला.

कलाभवनात चित्रकला, स्थापत्य, यंत्रविद्या, सुतारकाम, विणकाम, रंगकाम व रसायनविद्या अशा विषयांचे शिक्षण दिले जाऊ लागले. वर्गात तत्त्व शिकवावयाचे आणि कार्यशाळेत ते हाताने करून पाहावयाचे, अशी पद्धती होती. रंगविद्येसाठी जर्मनीतील तज्ज्ञांचे साहाय्य घेण्यात आले. कारण कृत्रिम रंगांच्या क्षेत्रात जर्मनी त्या वेळी अग्रेसर होता. रंगाऱ्याच्या मुलाला हळद, नीळ आणि मंजिष्ठा ठाऊक होत्या; कलाभवनाने त्याला नव्या रंगांचे रसायनही समजावून दिले. दुसरीकडे, ज्याच्या घरी रंगाचे पिंप कधी नव्हते अशा मुलालाही हे शास्त्र शिकण्याची वाट मोकळी झाली.

या संस्थेत शिकलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक नाव मराठी वाचकांच्या विशेष परिचयाचे आहे. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर बडोद्याच्या कलाभवनात आले. चित्रकला व छायाचित्रण यांसारख्या कलांची त्यांची तयारी येथे झाली. १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट प्रदर्शित केला. त्यामागे चित्रकाराची दृष्टी होती, तशीच रसायने, भिंगे आणि यंत्रे स्वतः हाताळणाऱ्या कारागिराची सिद्धताही होती. कलाभवनाच्या शिक्षणपद्धतीचा हेतू यापेक्षा अधिक स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण सापडणे कठीण.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) सयाजीरावांचे मूळ नाव व जन्मगाव सांगा.
(आ) घरात मिळणाऱ्या व्यवसायशिक्षणाच्या दोन अडचणी कोणत्या?
(इ) कलाभवनाचे पहिले प्राचार्य कोण?

४.३.४ शिक्षणाची भाषा

भाषेच्या विद्यार्थ्यांनी कलाभवनाच्या ज्या अंगाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, ते म्हणजे तेथील अध्यापनाचे माध्यम. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावयाचे, हा त्या काळचा सर्वमान्य प्रघात होता. गज्जर यांनी तो बाजूस ठेवला. तांत्रिक शिक्षण प्रजेच्या भाषेतून, म्हणजे गुजरातीतून, देण्याचा त्यांचा आग्रह होता आणि मराठीभाषक महाराजांनी त्याला पाठबळ दिले.

यामागील तर्क साधा आहे. सुताराच्या मुलाला प्रथम परकी भाषा शिकावयास लावली, तर त्याची उमेदीची वर्षे भाषेतच खर्च होतात आणि तोवर घरच्या गरजेमुळे तो शाळेबाहेर पडतो. ज्यांना आधीच इंग्रजी येते, तेच मग तांत्रिक शिक्षणाचे लाभार्थी ठरतात. म्हणजे माध्यमाचा निर्णय हा प्रवेशाचाही निर्णय असतो.

पण लोकभाषेतून शिकवावयाचे तर पुस्तके हवीत आणि पुस्तकांसाठी परिभाषा हवी. म्हणून सयाजीरावांच्या आश्रयाने गज्जर यांनी ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ या मालेतून शास्त्रीय विषयांवरील पुस्तके तयार करविण्याचे काम हाती घेतले. शास्त्रीय संज्ञांना देशी प्रतिशब्द ठरविण्याचा उद्योगही याच योजनेचा भाग होता.

परिभाषा घडविताना भाषेपुढे दोन मार्ग असतात. एक, कारागिरांच्या तोंडी असलेले शब्द उचलून त्यांना नेमका अर्थ देणे. दुसरा, संस्कृत धातूंपासून नवे शब्द बनविणे. पहिल्या मार्गाने आलेला शब्द लगेच रुजतो. पण अमूर्त संकल्पनांसाठी तो अनेकदा अपुरा पडतो. दुसऱ्या मार्गाने शब्दांची व्यवस्थित कुळे तयार होतात. पण ती लोकांच्या जिभेवर बसण्यास वेळ लागतो. आजच्या मराठी पारिभाषिक कोशांसमोरही हाच पेच आहे. प्रास्ताविकात उल्लेखिलेले शब्द या दृष्टीने तपासून पाहा : ‘चर’ हा शिवारातला शब्द आहे, तर ‘समतल’ हा घडविलेला. दोघांची जोडी जमली आणि शब्द चालू लागला.

सयाजीरावांची भाषाविषयक दृष्टी उद्योगशिक्षणापुरती मर्यादित नव्हती. राज्यकारभारातील संज्ञांसाठी १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा बहुभाषिक कोश बडोदे सरकारने प्रसिद्ध केला. त्यात इंग्रजी संज्ञांना मराठी व गुजरातीसह अनेक भारतीय भाषांतील प्रतिशब्द दिलेले आहेत. मराठी व गुजराती ग्रंथनिर्मितीसाठी त्यांनी दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला व त्यातून सयाजी साहित्यमालेतील पुस्तके निघाली.

कलाभवनातील लोकभाषेचा प्रयोग मात्र पूर्णत्वास गेला नाही. काही वर्षांनी गज्जर बडोदे सोडून मुंबईस गेले. त्यानंतर लोकभाषेवरील भर ओसरत गेला. व्यक्तीच्या ध्यासावर उभी राहिलेली योजना व्यक्तीबरोबर जाऊ नये, यासाठी ती संस्थेच्या नियमांत रुजवावी लागते. बडोद्याच्या प्रयोगातील हा पहिला धडा होय.

४.३.५ पायाभरणी : सक्तीचे प्राथमिक शिक्षण

उद्योगशिक्षणाची इमारत निरक्षरतेच्या पायावर उभी राहत नाही. मोजमाप, आराखडा, हिशेब यांसाठी अक्षरओळख आणि अंकज्ञान आवश्यक असते. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील दहा गावांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला. हळूहळू त्याची व्याप्ती वाढवून १९०६ मध्ये संपूर्ण राज्यासाठी कायदा करण्यात आला. मुलांसाठी सात ते बारा व मुलींसाठी सात ते दहा ही वयोमर्यादा होती. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद होती.

शाळा सुटल्यानंतर मिळविलेली साक्षरता विसरली जाऊ नये म्हणून ग्रंथालयांची योजना आली. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल डब्ल्यू. ए. बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास प्रारंभ झाला. खेड्यांसाठी पेट्यांमधून फिरणारी ग्रंथालये सुरू झाली. स्त्रियांच्या उद्योगशिक्षणाकडे महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांनी लक्ष दिले. त्यांच्या नावाचे स्त्री-उद्योगालय बडोद्यात उभे राहिले.

प्राथमिक शाळा, ग्रंथालय आणि कलाभवन या एकाच साखळीच्या कड्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे सयाजीरावांच्या धोरणाची रचना समजते.

४.३.६ शिकलेल्या हातांना काम

१८९९–१९०० मध्ये गुजरातेत भीषण दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६ मधील म्हणून तो ‘छप्पनिया’ या नावाने लोकस्मृतीत राहिला. माणसे आणि जनावरे मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडली. केवळ पावसाच्या शेतीवर जगणारी प्रजा किती असुरक्षित असते, हे राज्यकर्त्यांना या संकटाने दाखविले. १९०२ मध्ये अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी सयाजीरावांनी देशाच्या औद्योगिक मागासलेपणाची सविस्तर मीमांसा केली. केवळ कच्चा माल पिकविणारा देश दरिद्रीच राहतो, यंत्रविद्या आत्मसात केल्याखेरीज तरणोपाय नाही आणि हाताच्या कामाविषयीची तुच्छता टाकली पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

परंतु विद्या शिकवून प्रश्न सुटत नव्हता. बडोदे राज्यात कारखाने थोडे होते. त्यामुळे कलाभवनातून बाहेर पडलेल्या तरुणास कामासाठी पुष्कळदा राज्याबाहेर पाहावे लागे. खासगी भांडवल पुढे येईना, तेव्हा सरकारने स्वतः कापडगिरणी चालवून पाहिली, गणदेवी येथे साखर कारखान्याचाही प्रयत्न झाला. सरकारी अधिकाऱ्यांच्या हातून कारखानदारी नीट चालेना. साखर कारखाना बंद पडला आणि गिरणी पुढे खासगी मालकांकडे गेली. सयाजीरावांनी हे अपयश मान्य करून मार्ग बदलला. सरकारने कारखाना चालविण्याऐवजी कर्ज, जमीन, सवलती आणि प्रशिक्षित माणसे पुरवावीत, हे नवे धोरण झाले. २० जुलै १९०८ रोजी स्थापन झालेली बँक ऑफ बडोदा ही या धोरणाची सर्वांत टिकाऊ निष्पत्ती होय.

कलाभवनाशी संबंधित मंडळींनी उद्योगही उभारले. १९०७ मध्ये सुरू झालेल्या अलेंबिक या रासायनिक उद्योगाच्या संस्थापकांत गज्जर, त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांचा समावेश होता. शिक्षणसंस्था, भांडवल आणि बाजारपेठ यांची सांगड बसली की काय घडू शकते, याचे हे उदाहरण आहे. सांगड बसली नाही, तर शिकलेला तरुण हातात विद्या घेऊन बेकार राहतो. हा बडोद्याचा दुसरा धडा.

४.३.७ जेथे राज्याचा हात पोहोचला नाही

सयाजीरावांच्या चरित्रातील सर्वांत गंभीर प्रकरण उद्योगशिक्षणाच्या चौकटीबाहेरचे वाटेल. परंतु आपल्या प्रश्नाचा गाभा तेथेच आहे.

अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांसाठी सयाजीरावांनी राज्याधिकार मिळाल्यानंतर लवकरच स्वतंत्र शाळा व पुढे वसतिगृहे काढली. या शाळांना सवर्ण हिंदू शिक्षक मिळणे कठीण जाई. म्हणून मुसलमान शिक्षक, पुढे आर्यसमाजी कार्यकर्ते यांची मदत घ्यावी लागली. याच धोरणानुसार भीमराव रामजी आंबेडकर या तरुणाला महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती आणि १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षणासाठी साहाय्य मिळाले. परत आल्यावर दहा वर्षे बडोदे राज्याची नोकरी करावी, अशी करारातील अट होती. राज्याने तरुणावर खर्च करावा आणि त्या तरुणाने आपली विद्या राज्याच्या कामी लावावी, ही व्यवस्था कागदावर निर्दोष होती.

सप्टेंबर १९१७ मध्ये आंबेडकर कराराप्रमाणे बडोद्यास रुजू झाले. त्या शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन त्यांनी काही दिवस काढले. जात कळताच लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. हिंदू मित्राचे घर उघडले नाही, ख्रिस्ती मित्राचेही नाही. अखेर शहरातील कमाठी बागेत काही तास बसून त्यांनी मुंबईची गाडी पकडली. ही बाग सयाजीरावांनीच लोकांसाठी तयार करविली होती.

राज्याने सर्वोत्तम शिक्षण दिले होते, नोकरीही दिली होती. तरीही राज्याच्या राजधानीत त्या तरुणास एक रात्र काढण्याइतके छप्पर मिळाले नाही. राज्याने खोलीची व्यवस्था अगोदर का केली नाही, हा प्रश्न येथे रास्तपणे उपस्थित होतो. सयाजीरावांच्या थोरवीचा आदर ठेवूनही तो विचारलाच पाहिजे. शिष्यवृत्तीचा हुकूम निघतो तेथेच राज्याची जबाबदारी संपत नाही. शिकलेल्या माणसाला प्रत्यक्ष काम करता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे हेही तिचेच अंग आहे. बडोद्याचा हा तिसरा आणि सर्वांत कठोर धडा होय.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पहिला प्रयोग कोठे व केव्हा झाला?
(आ) राजकीय परिभाषेचा कोणता कोश बडोदे सरकारने प्रसिद्ध केला?
(इ) सरकारी कारखाने अयशस्वी झाल्यानंतर सयाजीरावांनी कोणते धोरण स्वीकारले?

४.३.८ अखेरचा काळ आणि वारसा

सयाजीरावांची प्रकृती उत्तरायुष्यात साथ देत नव्हती व त्यांचा बराच काळ परदेशांत जाई. त्यांच्या अनुपस्थितीत अधिकाऱ्यांच्या हाती गेलेल्या योजनांचा वेग मंदावे, अशी टीका त्यांच्या हयातीतही होत असे. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ ते गादीवर होते. १९४९ मध्ये बडोद्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्या विद्यापीठाच्या तंत्रविद्या व अभियांत्रिकी शाखेत विलीन झाले.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने राहिली नाहीत. प्रादेशिक शासनाची जबाबदारी मात्र राहिली. १९५० मध्ये केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि १९५६ मध्ये औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा दैनंदिन कारभार राज्य सरकारांकडे सोपविण्यात आला. तालुक्याच्या गावी तुम्ही जी आयटीआय पाहता, ती राज्य शासनाच्या अखत्यारीत चालते ती या व्यवस्थेमुळे. १९९२ मध्ये झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानाला अकरावी अनुसूची जोडली. पंचायतींकडे सोपविता येतील अशा एकोणतीस विषयांत तांत्रिक प्रशिक्षण व व्यवसायशिक्षण यांचाही समावेश आहे. बडोद्याच्या राजवाड्यात घेतला गेलेला निर्णय आज तत्त्वतः ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत येऊन पोहोचला आहे.

येथे आपण पुन्हा हिवरे बाजारकडे वळू शकतो. सयाजीरावांचे राज्य वरून खाली देणारे होते. राजा दूरदृष्टीचा म्हणून योजना आली, राजा दूर गेला की ती रेंगाळली. हिवरे बाजारमध्ये शासनाची योजना होतीच. पण ती राबवावयाची कशी हे ग्रामसभेने ठरविले आणि पाळण्याचे बंधनही स्वतःवर घालून घेतले. शिकविणारी भाषा लोकांची होती, शिकलेले काम गावातच होते आणि ते कामाला लावण्यास गावाची संमती होती. बडोद्यात ज्या तीन ठिकाणी साखळी तुटली, त्याच तीन कड्या येथे जोडल्या गेलेल्या दिसतात. तुमच्या गावातील कोणत्याही प्रशिक्षण योजनेचे मूल्यमापन करताना हे तीन निकष उपयोगी पडतील.

४.४ सारांश

कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेले सयाजीराव गायकवाड १८७५ मध्ये दत्तकविधानाने बडोद्याचे महाराज झाले व १८८१ मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला. १८९० मध्ये कलाभवन स्थापून तरुणांचे उद्योगशिक्षण ही राज्याची जबाबदारी असल्याचे त्यांनी कृतीने दाखविले. त्र्यंबकेश्वरचे फाळके आणि अलेंबिकचे संस्थापक ही या शिक्षणाची दृश्य फळे होत. लोकभाषेतील अध्यापन, सक्तीचे प्राथमिक शिक्षण, ग्रंथालये आणि बँक या त्यांच्या योजना परस्परपूरक होत्या. मात्र लोकभाषेचा प्रयोग टिकला नाही, सर्व शिक्षितांना काम मिळाले नाही आणि १९१७ मधील आंबेडकरांच्या अनुभवाने सामाजिक विषमतेपुढील राज्याची दुर्बलता उघड केली. भाषा, काम आणि समाजाची मान्यता या तिन्हींची काळजी घेतली तरच व्यवसायशिक्षण तरुणाच्या उपयोगी पडते, हा या चरित्राचा निष्कर्ष आहे.

४.५ शब्दार्थ

पर्जन्यछाया : डोंगररांगेमुळे पाऊस कमी पडणारा प्रदेश.
समतल चर : उतारावर समान उंचीच्या रेषेत खोदलेला चर.
परिभाषा : एखाद्या शास्त्रात ठरावीक अर्थाने वापरल्या जाणाऱ्या संज्ञांचा समूह.
मंजिष्ठा : मुळांपासून तांबडा रंग देणारी वनस्पती.
मीमांसा : कारणांचा शोध घेणारे सखोल विवेचन.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) गोपाळ, कवळाणे. (आ) त्या घरात न जन्मलेल्यास प्रवेश नसणे. नव्या तंत्राचे ज्ञान घरात उपलब्ध नसणे. (इ) त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर.
प्रश्न २ : (अ) अमरेली तालुक्यातील दहा गावांत, १८९३ मध्ये. (आ) श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू. (इ) कारखाने स्वतः न चालविता कर्ज, जमीन, सवलती व प्रशिक्षित माणसे पुरविणे.

४.७ स्वाध्याय

१. शिक्षणाचे माध्यम ठरविणे म्हणजे कोणाला प्रवेश मिळेल हे ठरविणे, या विधानाची कलाभवनाच्या आधारे चर्चा करा.
२. सयाजीरावांच्या शैक्षणिक धोरणातील यश आणि अपयश यांची मांडणी करा.
३. १९१७ मधील बडोद्याच्या प्रसंगावरून राज्यसंस्थेच्या जबाबदारीविषयी तुम्हांला काय वाटते ते सुमारे २०० शब्दांत लिहा.

क्षेत्रकार्य : तुमच्या परिसरातील सुतार, गवंडी, वायरमन, शिंपी किंवा पाणलोटाचे काम करणारी व्यक्ती यांपैकी एकाशी बोला. त्यांच्या कामातील हत्यारे, क्रिया आणि दोष यांची किमान २५ नावे त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या. त्यांतील परंपरागत, घडविलेले आणि इंग्रजीतून आलेले शब्द वेगळे करा. हे काम त्यांनी कोणाकडून, किती काळात व कोणत्या भाषेत शिकले आणि शासनाच्या एखाद्या योजनेचा त्यांना उपयोग झाला का, याचीही नोंद करा.